गेटिसबर्ग: तोफांपेक्षा काठवट बघा

न्यू जर्सीतल्या एडिसनहून पेनसिल्व्हेनियातलं गेटिसबर्ग गाडीने साधारण तीन तास. अमेरिकन यादवी युद्धातली मोठी लढाई झाली ते हे गाव. अठ्ठ्याहत्तर नंबरच्या हायवेने हॅरिसबर्गकडे आणि तिथून पंधराने खाली. रस्ता सरळसोट आहे, तरी आम्ही पोहोचेपर्यंत साडेअकरा झाले, कारण आईच्या दशम्या. त्या न घेता निघणं शक्यच नव्हतं.

रणांगणावर 1,300 च्या वर स्मारकं आहेत. पंधरा-वीस पाहिल्यावर सगळे सेनापती सारखेच दिसायला लागतात. म्हणून सांगते, आधी बाल्टिमोर स्ट्रीटवरचं जेनी वेडचं घर बघा. लाल विटांचं छोटंसं जोडघर. मधली भिंत सामाईक, दोन बिऱ्हाडांची दोन दारं. एका भागात जेनीची बहीण जॉर्जिया राहायची. ती नुकतीच बाळंत झाली होती, म्हणून जेनी आणि आई तिच्याकडे येऊन राहिल्या होत्या. आणि लढाई नेमकी त्यांच्या दारात आली.

3 जुलै 1863 ची सकाळ. वीस वर्षांची जेनी स्वयंपाकघरात पीठ मळत होती. एक गोळी बाहेरचं दार आणि आतलं दार भेदून तिच्या पाठीत घुसली. तीन दिवसांच्या त्या लढाईत थेट मारली गेलेली गावातली ही एकटीच. नाव खरं तर मेरी व्हर्जिनिया, घरी 'जिनी'. वर्तमानपत्राने 'जेनी' छापलं आणि तेच राहिलं.

दारांची भोकं अजून तशीच आहेत. त्यात बोट घातलं की लग्न जमतं म्हणे. आमच्या मावसबहिणीने लगेच घातलं. आईचं लक्ष मात्र पीठ मळायच्या लाकडी भांड्याकडे. "अगं, ही तर काठवट!" मग तिने मला गाइडला विचारायला लावलं, "त्या पिठाचं काय झालं?" उत्तर आलं: तिच्या आईने त्याच पिठाचे पंधरा पाव भाजले. आई बराच वेळ काही बोलली नाही.

वरच्या मजल्यावर सामाईक भिंतीला तोफगोळ्याने भोक पडलं होतं. सैनिकांनी ते मोठं केलं आणि बाळ-बाळंतिणीसकट सगळ्यांना शेजारच्या भागातून तळघरात नेलं. जेनीला गोधडीत गुंडाळून तिथूनच नेलं. आपणही त्याच भगदाडातून जातो. उंच माणसांनी डोकं सांभाळा.

तिकिटाचा घोळ आम्ही केलाच. हे घर खाजगी आहे, नॅशनल पार्कच्या म्युझियमचं तिकीट इथे चालत नाही. रणांगण मात्र फुकट फिरता येतं. वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, निघण्याआधी बघून घ्या. जिने अरुंद आहेत, स्ट्रोलर गाडीतच ठेवा आणि गुडघेदुखीवाल्यांना आधी कल्पना द्या. तळघरात चादरीखाली प्रेताचा देखावा मांडलाय. आमचा सहा वर्षांचा पुतण्या तिथे जो रडायला लागला तो आइस्क्रीमपर्यंत. रात्रीच्या भुतांच्या टूर आम्ही टाळल्या. खऱ्या घरात एवढं घडलेलं असताना वर भुतं कशाला?

नंतर जवळच्याच एव्हरग्रीन दफनभूमीत तिची कबर बघा. तिथला झेंडा रात्रंदिवस फडकत असतो. तिचा प्रियकर, सैनिक जॅक स्केली, आधीच दुसऱ्या एका लढाईत जखमी झाला होता, तो 12 जुलैला गेला. तोही तिथेच आहे. दोघांनाही एकमेकांचं काही कळलं नाही.

जुलैत गेलात तर टोपी आणि पाणी न्या, दफनभूमीच्या चढावर ऊन चांगलंच लागतं. दशम्या आम्ही तिथून उतरल्यावर पार्किंगमध्ये खाल्ल्या.