नऊ एकर आणि 20 डिसेंबर 2004

तालुक्याच्या कोर्टात वाटपाचे दावे कसे चालतात ते वेगळं सांगायला नको. 2012 साली दाखल केलेला दावा युक्तिवादाला आला, तोवर सुप्रीम कोर्टाने तो ज्यावर उभा होता त्या कलमाचा अर्थ तीनदा लावून झाला होता.

भावांविरुद्ध बहिणीचा दावा, आणि मी बहिणीच्या बाजूने वकील. लग्न 1986 सालचं. वडील 1999 मध्ये वारले, आई त्यांच्याही आधी. मागे दोन भाऊ, ही एकटी बहीण आणि नऊ एकर वडिलोपार्जित जमीन. मुलगी सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच हिस्सेदार, नाही असं धरलं, तर आधी वडील आणि दोन मुलं असे तीन भाग पडतात. मग वडिलांच्या तीन एकरांत तिघं वारस, म्हणजे हिच्या वाट्याला एक एकर. मुलासारखीच सहदायाद धरली तर सरळ तीन एकर. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 6 चा अर्थ काय, या प्रश्नाची किंमत आमच्याकडे 80 गुंठे होती.

मुलींना मुलांसारखं सहदायाद करणारी 2005 ची दुरुस्ती 9 सप्टेंबरला लागू झाली. ऑक्टोबर 2015 च्या फुलवती निकालाने सांगितलं की त्या दिवशी बाप आणि लेक दोघंही हयात हवेत. समोरच्यांनी लगेच निकालाची प्रत दाखल केली. 2018 च्या दानम्मा निकालात बाप 2001 मध्येच वारला होता, तरी मुलींना पुरा वाटा मिळाला. मग प्रत मी दाखल केली. दोन्ही निकाल दोन-दोन न्यायमूर्तींचे, म्हणजे वजन सारखंच. साहेब तारखा देत राहिले, आणि दुसरं करणार तरी काय? अखेर 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी वाद मिटवला. हक्क जन्माने येतो, बाप कधी वारला ते बघायचं नाही. कायदा जुने झालेले व्यवहार उकरत नाही, पण जन्म ही जुनी घटना धरून 9 सप्टेंबर 2005 पासून हक्क देतो.

आता काय उरलं, असं मला वाटत होतं. पण समोर भावांचे वकील अण्णा होते. आमच्या वकील मंडळींत त्यांना सगळे अण्णाच म्हणतात.

त्यांनी सुरुवात केली ती महाराष्ट्राच्या 1994 च्या दुरुस्तीपासून. राज्याने मुलींना केंद्राच्या अकरा वर्षं आधी सहदायाद केलं होतं, पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळून. ‘राज्याचा खास कायदा आहे, साहेब. ही बाई त्यात बसत नाही.’ ऐकायला भारदस्त, पण टिकणारं नाही. वारसा हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. मात्र राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती असली तरी त्याच विषयावर पुढे नवा कायदा करायला संसद मोकळी असते, आणि विसंगती आली की संसदेचा कायदा वरचढ. हे सांगणारं घटनेच्या अनुच्छेद 254 चं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली पुरवणी अट, मी वाचून दाखवलं. 2005 च्या कलमात लग्नाची अट नाही. साहेबांनी मान हलवली, मुद्दा संपला.

खरी दुपार खाल्ली ती तोंडी वाटपाने. अण्णांचं म्हणणं, 2002 मध्येच दोन्ही भावांचं वाटप झालं, फेरफार मंजूर आहे, आणि 20 डिसेंबर 2004 पूर्वीच्या वाटपाला नवा कायदा हात लावत नाही. तारीख बरोबर होती. त्याच दिवशी विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं होतं. मांडलं गेल्यावर लोक घाईने खोटी वाटपं करतील, हे ओळखून संसदेने तिथे रेघ मारली. नुसती रेघ मारून थांबले नाहीत, वाटप म्हणजे काय तेही कलम 6(5) च्या स्पष्टीकरणात लिहिलं: नोंदणीकृत वाटपपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा. मला विचाराल तर त्या अख्ख्या दुरुस्तीतलं सगळ्यात शहाणं वाक्य हेच. विनीता शर्मा निकालाने तोंडी वाटपाला अपवाद म्हणून फट ठेवली आहे, पण त्याला सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार लागतो. अण्णा त्या फटीतून फेरफार आत घालत होते.

म्हणून मी तलाठ्यांनी साक्षीच्या वेळी आणलेल्या मूळ नोंदवहीच्या नकलाच पुढे केल्या. वडिलांच्या मृत्यूनंतरच्या वारस फेरफारात भाऊ कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, आणि बहिणीचं नाव बाजूच्या ‘इतर हक्कात’, आपल्याकडे घालतात तसं. म्हणजे निदान एका एकराची वारस ती तेव्हाही कागदावर होती. 2002 च्या फेरफारात वर्दीवर, म्हणजे तलाठ्याला दिलेल्या अर्जावर, दोन्ही भावांच्या सह्या. फेरफाराआधी हितसंबंधितांना द्यायची नमुना 9 ची नोटीस बहिणीला बजावल्याची पोच नाही, आणि इतर हक्कातलं तिचं नाव कंसात. आम्ही वकील त्याला ‘कंस केला’ म्हणतो. सातबाऱ्यावरून नाव उडवायची ती रीत.

साहेबांनी नक्कल जवळ घेतली. ‘अण्णा, नवा कायदा बाजूला ठेवू. जुन्या कायद्यातही ही वारस होती. तिला वगळून वाटप कसं झालं?’

‘तिची हरकत नव्हती, साहेब.’

‘कागद?’

कागद नव्हता. हक्कसोडपत्र कधी झालंच नव्हतं.

प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कोणाचा वाटा किती ते ठरवणारा, बहिणीच्या एक तृतीयांशाचा झाला. शेतजमीन म्हणून प्रत्यक्ष वाटप कलेक्टरांकडे जायचं, पण भावांनी अपील केलंय आणि विहीर कोणाच्या वाट्यात यावरून आणखी एक अर्ज पडलाय.

त्या संध्याकाळी कॅन्टीनमध्ये अण्णांनी चहा सांगितला आणि माझ्या टिपणाची झेरॉक्स मागितली. 254 चा भाग आणि 6(5) च्या स्पष्टीकरणावरचा, दोन्ही.

‘तुम्हाला कशाला?’

‘बुधवारी वरच्या कोर्टात वाटपाचंच मॅटर आहे. तिथं मी बहिणीकडून आहे.’