आदरार्थी प्रेमगीत

स्पॅनिशच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर ‘तू’ आणि ‘उस्तेद’ हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले, तेव्हा आम्हा मराठी विद्यार्थ्यांना फारसे समजावून सांगण्याची गरज पडली नाही. स्पॅनिशमधला ‘तू’ म्हणजे आपला तूच, उच्चारासकट. आणि ‘उस्तेद’ म्हणजे तुम्ही किंवा आपण. हा दुसरा शब्द ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या जुन्या दरबारी संबोधनाचा झिजून उरलेला तुकडा आहे, त्यामुळे त्याच्यासोबत क्रियापद तृतीयपुरुषी येते, हे ऐकूनही कुणाची भुवई उंचावली नाही. समोर बसलेल्या माणसालाच ‘साहेबांनी चहा घ्यावा’ म्हणण्याची आपल्याला सवय आहे. पुढे बाईंनी आवडेल ते एक गाणे मराठीत उतरवून आणायला सांगितले आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने पोर्तो रिकोचे गायक आणि गिटारवादक होसे फेलिसियानो यांनी गायिलेले ‘उस्तेद’ निवडले. ते भाषांतर अजून वहीत अपुरे आहे.

‘उस्तेद’ हे बोलेरो आहे. बोलेरो म्हटले की आपल्याकडे काहींना फ्रेंच संगीतकार राव्हेलची वाद्यवृंदाची रचना आठवते, पण तिच्याशी याचा संबंध नाही. हा क्युबात जन्मलेला, गिटारवर गायिला जाणारा संथ प्रेमगीताचा प्रकार आहे. १८८० च्या दशकात सांतियागो दे कुबा शहरातले एक शिंपी, पेपे सांचेस, यांनी रचलेले ‘त्रिस्तेसास’ हे पहिले बोलेरो मानले जाते. क्युबातून हा प्रकार मेक्सिकोत गेला, तिथे फोफावला, आणि २०२३ साली युनेस्कोने या दोन्ही देशांचा सामाईक वारसा म्हणून त्याची नोंद केली. ‘उस्तेद’ची चाल गाब्रिएल रुईस या मेक्सिकन संगीतकाराची आहे आणि शब्द होसे आंतोनिओ सोरिया यांचे. गाण्यातला प्रियकर पहिल्याच ओळीत प्रेयसीवर आरोप ठेवतो, माझ्या साऱ्या यातनांच्या अपराधी आपण आहात, आणि पुढे तिच्या डोळ्यांचा गुलाम झाल्याची, तिच्या प्रेमाचे खेळणे झाल्याची कबुली देतो; पण या सगळ्या त्रेधातिरपिटीत तो तिला एकदाही ‘तू’ म्हणत नाही.

माझी आजी आजोबांना जन्मभर ‘अहो’ म्हणत आली आणि आजोबा तिला ‘अगं’ म्हणत आले, त्यामुळे आदरार्थी प्रेम ही गोष्ट मला नवी नव्हती. मात्र आमच्या घरी आदराचा प्रवाह एकाच दिशेने वाहत असे. आजोबांनी आजीला अहोजाहो केल्याचे मी फक्त भांडणात ऐकले आहे. ‘आपण कशाला तसदी घेतलीत?’ असे वाक्य स्वयंपाकघराच्या दारातून आले की त्या दिवशी जेवताना कुणी बोलणार नाही, हे आम्हा मुलांनाही कळत असे. मराठीत जवळच्या माणसाला एकाएकी ‘आपण’ म्हणणे म्हणजे त्याला घराच्या उंबऱ्याबाहेर उभे करणे. म्हणूनच फेलिसियानो यांचे दुसरे गाजलेले बोलेरो, बॉबी कापो यांनी रचलेले ‘पोकिता फे’, म्हणजे ‘इवलासा विश्वास’, ऐकताना मला गंमत वाटली. त्यात प्रेयसीला ‘तू’ म्हटलेले आहे, आणि तिथे तो म्हणतो की तू माझ्या प्रेमावर नेहमी शंका घेतेस, पण मी तुला दोष देत नाही. थोडक्यात, जिला ‘तू’ म्हणायचे तिला माफी आणि जिला ‘आपण’ म्हणायचे तिच्यावर फिर्याद. आजोबांना हा हिशेब पटला असता.

फेलिसियानो यांचा जन्म १९४५ साली पोर्तो रिकोमधल्या लारेस गावचा. जन्मतःच काचबिंदूमुळे दृष्टी नव्हती, लहानपणीच कुटुंब न्यूयॉर्कला आले आणि गिटार त्यांनी तबकड्या ऐकून ऐकून हाताखाली आणली. १९६६ साली अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता येथील महोत्सवात ते गायिले, तेव्हा आर. सी. ए. या ध्वनिमुद्रण कंपनीच्या तिथल्या मंडळींनी त्यांना स्पॅनिशमध्ये एक तबकडी करण्यासाठी ठेवून घेतले. काय गाऊन घ्यावे हे त्या मंडळींनाही ठाऊक नव्हते. बोलेरो गाऊ या, असे सुचवले ते फेलिसियानो यांनीच. जगभरची पोरे तेव्हा बीटल्स ऐकत होती आणि हा विशीतला मुलगा आईवडिलांच्या पिढीची गाणी मागत होता.

पण त्याने ती आईवडिलांच्या पिढीसारखी गायिली नाहीत, आणि माझे मन अडकले आहे ते तिथे. बोलेरोची तोवरची घडी त्रिकुटांनी बसवलेली होती. १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये जमलेल्या ‘लोस पांचोस’चा त्यात मोठा वाटा होता. तीन आवाज एकमेकांत इस्त्री केल्यासारखे मिसळलेले, आणि वर आल्फ्रेदो हिल यांनी घडवलेली रेकिंतो, म्हणजे नेहमीच्या गिटारपेक्षा लहान आणि सा ते म इतक्या अंतराने वर लावलेली गिटार, तिची मोत्याच्या सरीसारखी सुरावट. त्या गाण्यात ‘उस्तेद’ हा शब्द शोभून दिसतो, कारण गाणारेच कोट-टाय घालून आलेले असतात. फेलिसियानो यांच्याकडे एकच गळा आहे आणि त्याला किंचित खरखर आहे. शब्द ते मात्रेवर ठेवत नाहीत; मागे रेंगाळतात, मग घाईने गाठतात, आणि स्वर ताणून त्याच्या टोकाला अशी हरकत घेतात की न्यूयॉर्कच्या रस्त्यावरचे ब्लूज आणि सोल हे अमेरिकी संगीतप्रकार त्यातून डोकावून जातात. ओळ संपते न संपते तोच त्यांची नायलॉनच्या तारांची गिटार तिला उत्तर देते, आणि हे उत्तर पुष्कळदा ओळीपेक्षा उद्धट असते. शब्दांत अदब तशीच राहते. तोंडाने ‘आपण’ चालू असते, पण गळ्याने आणि बोटांनी केव्हाच ‘तू’ म्हटलेले असते. माझ्या मते मूळ त्रिकुटी गायनापेक्षा गाण्याचा अर्थ इथे जास्त खरा लागतो, कारण ज्याला नुसतीच अदब पाळायची आहे तो इतका कासावीस होत नाही. (आपल्या डोळ्यांचा गुलाम, ही ओळ दृष्टी नसलेल्या गायकाच्या तोंडी ऐकताना पहिल्यांदा मी चमकलो होतो. आता नाही चमकत. बोलेरोतले डोळे हे पाहण्यासाठी नसतातच.)

भाषांतर अडले आहे ते शेवटच्या ओळीवर. तिथे प्रियकर म्हणतो की आपले चुंबन घेण्याची मला भीती वाटते आणि ती भीती जिंकता यावी म्हणून मी जीवही देईन. आणि ज्या शब्दाने गाणे सुरू झाले त्याच शब्दावर, ‘उस्तेद’वर, ते संपते. मी प्रथम ‘आपले चुंबन’ लिहिले, तर ते नगरपालिकेच्या नोटिशीसारखे वाटले. ‘तुमचे’ लिहिले, तर आजी आठवली आणि पुढे लिहवेना. ‘तुझे’ लिहिले, की ओळ मराठीत सुंदर बसते, मात्र त्याची भीतीच उरत नाही. बाईंनी दोनदा विचारून सोडून दिले. वहीत ते तिन्ही शब्द एकाखाली एक पेन्सिलीने लिहिलेले आहेत, आणि त्यातला एकही मी अजून खोडलेला नाही.