मॉलच्या गच्चीवर सोलर: अर्धं काम एलटी रूममध्ये

उपग्रहाच्या नकाशावर शॉपिंग सेंटरची गच्ची पाहिली की मोह होतोच. मोठी, सपाट, वरून मोकळी दिसणारी. मग कोणीतरी त्यावर चौकोन आखतं, चौरस मीटरला २०० वॅट धरतं आणि १०,००० चौरस मीटरवर २ मेगावॅटचं कोटेशन तयार होतं. प्रत्यक्षात वर चढलं की चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रं), कूलिंग टॉवर, एक्झॉस्टच्या डक्ट, स्कायलाइट, धूर बाहेर काढणारी झडपं, जनरेटरची धुराडी, पाण्याच्या टाक्या आणि या सगळ्यांच्या सावल्या दिसतात. एवढं वजा करून ७०० ते ९०० किलोवॅट नीट बसले तर काम चांगलं झालं म्हणायचं. उरलेल्या कोपऱ्यांत दोन-दोन पॅनेल कोंबण्यात अर्थ नसतो. तिथली केबल आणि देखभालच जास्त पडते.

आकार ठरवायला मासिक बिल पुरत नाही. वर्षभराचा, दर १५ मिनिटांचा लोड डेटा, म्हणजे विजेच्या वापराची नोंद, लागतो. दुकानं उशिरा उघडतात, तोवर सोलर तापायला लागलेलं असतं आणि लोड म्हणाल तर पंप, पार्किंगचे दिवे, सुपरमार्केटचे फ्रीझर एवढाच. शिवाय मॉलची खरी गर्दी संध्याकाळी, सूर्य गेल्यावर. जादा वीज ग्रिडला देऊन तिचा पुरेसा मोबदला मिळत असेल तर प्रश्न नाही. मिळत नसेल तर मोजायचा तो थंडीतल्या, चिलर जवळजवळ बंद असलेल्या दिवसाचा दुपारी १२ चा लोड. त्याच्या फार वर गेलात की वर्षातले कित्येक तास इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसी करणारी यंत्रं) मुद्दाम दाबून चालवावे लागतील.

वीज नक्की कोणाची वापरली जाणार, हेही इथेच बघायचं. दुकानांना वीज कंपनीचे स्वतंत्र मीटर असतील तर मालकाच्या हातात फक्त कॉमन एरियाचा लोड राहतो: लिफ्ट, सरकते जिने, मधल्या भागाची वातानुकूलन यंत्रणा, दिवे. सगळ्या इमारतीला एकच मुख्य मीटर आणि आत सबमीटर असतील तर चित्र वेगळं. सोलर कोणत्या बसबारला (वीज वाटणाऱ्या जाड धातूच्या पट्टीला) जोडायचं हे म्हणूनच भाडेकरार वाचल्याशिवाय ठरत नाही.

आता गच्ची. ५५० वॅटचं आजचं पॅनेल साधारण २.२८ बाय १.१३ मीटरचं आणि सुमारे २८ किलोचं असतं. दोन्ही बाजूंना काच असलेलं ३२ किलोच्या आसपास जातं. रेल आणि क्लॅम्प धरून चौरस मीटरला १३ ते १५ किलो होतात, आणि स्टँडिंग सीम (उभ्या शिवणीच्या) पत्र्यावर एवढ्यावरच भागतं, कारण क्लॅम्प शिवणीला धरतो, भोकच पाडावं लागत नाही. नागमोडी किंवा ट्रॅपेझॉइडल पत्र्यावर छोटी रेल स्क्रूने पन्हाळीच्या उंच भागावर बसवतात, खाली ईपीडीएम रबराची पट्टी. सखल भागात पाडलेलं भोक हमखास गळतं. काँक्रीटच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंग फोडायचं नसेल तर बॅलास्ट, म्हणजे वजनाचे ठोकळे ठेवतात. त्याने भार २० ते ४० किलोवर जातो. कडेला आणि कोपऱ्यांत वारा जास्त उचलतो, तिथे ठोकळेही जास्त लागतात. सगळीकडे सारखे ठोकळे मांडलेले दिसले की वाऱ्याचं गणित कोणी केलेलं नाही असं खुशाल समजा.

स्ट्रक्चरल इंजिनिअर कायमच्या भाराचा दाखला देतो, पण घोळ होतो तो माल वर चढवताना. ३१ पॅनेलचा एक पॅलेट जवळपास ९०० किलोचा आणि तो टेकतो अडीच चौरस मीटरवर, म्हणजे चौरस मीटरला ३५० किलो. बऱ्याच गच्च्या याच्या निम्म्या भारासाठीही बनलेल्या नसतात. क्रेनने पॅलेट उतरवायची जागा कॉलम-बीमच्या डोक्यावर आधी रंगाने आखून ठेवावी आणि एकावर एक पॅलेट रचू देऊ नये.

वॉटरप्रूफिंगचं वय विचारा. पाच-सात वर्षांत ते बदलायचंच असेल तर सोलरच्या आधी बदला. पॅनेल २५ वर्षांसाठी असतात आणि सगळं उतरवून परत चढवणं म्हणजे अर्धं काम नव्याने करणं. पीव्हीसी मेम्ब्रेनवर, म्हणजे वॉटरप्रूफिंगच्या प्लास्टिक चादरीवर, रबराची गादी थेट ठेवू नका. पीव्हीसीतलं लवचीकपणा देणारं द्रव्य रबरात उतरतं आणि मेम्ब्रेन कडक होऊन तडकतं. मध्ये फेल्टसारखा वेगळा थर लागतो. ॲल्युमिनियमची २० मीटरची सलग रेल ५० अंशांच्या फरकात सुमारे २३ मिलिमीटर लांबते-आखडते. दर १०-१२ मीटरला फट ठेवली नाही तर ती ठोकळ्यांसकट रोज थोडी सरकते आणि खालचं मेम्ब्रेन खरवडते. ही गळती दोन पावसाळ्यांनंतर दिसते, तेव्हा दोष वॉटरप्रूफिंगवाल्यावर जातो.

मांडणीत मॉलपुरते दोन शत्रू ओळखून ठेवावेत. पहिला फूड कोर्टचा एक्झॉस्ट. त्यातलं तेल पॅनेलवर पातळ चिकट थर धरतं, त्यावर धूळ बसते आणि साध्या पाण्याने काही निघत नाही. दुसरा कूलिंग टॉवर. त्याच्या तुषारांतले क्षार काचेवर सुकून पांढरे ठिपके होतात, आणि ते घासून काढायला गेलं की काचेवरचा परावर्तनरोधक लेप जातो. वाऱ्याची नेहमीची दिशा पाहून या दोन्हींच्या खालच्या अंगाला ८-१० मीटर तरी जागा सोडलेली बरी. चिलरच्या भोवतीही मोकळी जागा हवी, आणि ती हवेच्या प्रवाहाबरोबरच कॉम्प्रेसर काढून नेता यावा यासाठीही. कधीतरी तो बदलावा लागतोच. तेव्हा वाटेतलं सोलर उचलायची वेळ येऊ नये.

कडेला आणि मध्ये अग्निशमनासाठी वाट लागते, साधारण १.२ ते १.८ मीटर, नेमकं माप तिथल्या नियमात बघायचं. धुराच्या झडपांवर एकही पॅनेल झुकता कामा नये. गच्चीवरचं पाणी बाहेर जाणाऱ्या तोंडांभोवती मीटरभर जागा सोडा, नाहीतर ठोकळ्यांमागे पाणी साचतं. स्कायलाइटवर काम सुरू होण्याआधी जाळी. गच्चीवरच्या कामात स्कायलाइटमधून खाली कोसळणं हा नेहमीचा आणि जीवघेणा अपघात आहे.

सपाट गच्चीवर आम्ही बहुधा पूर्व-पश्चिम तंबूसारखी १० अंशांची मांडणी सुचवतो. विषुववृत्ताकडे तोंड केलेल्या रांगांपेक्षा दर किलोवॅटमागे थोडी वीज कमी मिळते, पण रांगांमधली जागा वाचते, वारा कमी पकडला जातो आणि सकाळ-संध्याकाळ वीज जास्त वेळ टिकते. मॉलच्या वेळेला ते सोयीचं. एकच पथ्य: पूर्वेची आणि पश्चिमेची पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये (एकामागे एक जोडलेल्या पॅनेलच्या साखळीत) घालू नयेत, आणि दोन्हींना वेगळा एमपीपीटी (इन्व्हर्टरमधला, जास्तीत जास्त वीज काढणारा इनपुट) द्यावा. १० अंशांच्या खाली मात्र जाऊ नका, फ्रेमच्या खालच्या काठावर चिखलाची पट्टी साचते.

स्ट्रिंगमध्ये किती पॅनेल, हे दुपारच्या उन्हावर ठरत नाही. ते थंड सकाळवर ठरतं. समजा पॅनेलचं ओपन सर्किट (काहीही न जोडलेलं असतानाचं) व्होल्टेज ५० व्होल्ट आहे, तापमानाचा गुणांक उणे ०.२७ टक्के प्रति अंश आणि किमान तापमान ५ अंश. मानक तापमान २५, म्हणजे २० अंश खाली, व्होल्टेज ५.४ टक्क्यांनी वाढून ५२.७ होतं. १००० व्होल्टच्या मर्यादेत १९ पॅनेल घातली तर १००१ व्होल्ट होतात. १८ घ्या. 'एका व्होल्टने काय होतंय' म्हणणारे भेटतील, पण इन्व्हर्टरचा इनपुट जळाला की लॉगमध्ये नोंदलेलं व्होल्टेज बघून वॉरंटी नाकारली जाते. खालची बाजूही तपासा: ७० अंश तापलेल्या सेलवर चालू व्होल्टेज पॅनेलमागे ३५-३६ पर्यंत उतरतं, १८ चे साधारण ६४० व्होल्ट. इन्व्हर्टरचा पूर्ण क्षमतेचा पट्टा त्याच्या खाली सुरू व्हायला हवा.

डीसीची केबल ६ चौरस मिलिमीटर घेतली तर ६० मीटर अंतरावर १३ अँपिअरला जेमतेम ५ व्होल्ट पडतात. काळजीचं कारण नाही. काळजी कनेक्टरची. एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी 'बसते' म्हणून जोडली जाते. आतल्या धातूचा आणि मापाचा बारीक फरक असतो, सांधा गरम होत राहतो आणि एक दिवस पेटतो. डीसीचा आर्क एसीसारखा शून्यातून जात नाही, त्यामुळे आपोआप विझतही नाही. पॅनेलवर जो कनेक्टर आहे त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे जोड मागवायचे आणि क्रिंपिंग (केबलच्या टोकावर धातू दाबून बसवणं) त्याच कंपनीच्या पान्याने करायचं. पक्कड चालत नाही.

आता एलटी रूम, म्हणजे इमारतीची वीज जिथून वाटली जाते ती खोली. ज्या कामांच्या तक्रारी वर्षभर चालतात, त्यांचं मूळ बहुधा इथे असतं.

बसबारचं उदाहरण घ्या. मुख्य इनकमर (ग्रिडची वीज आत आणणारी जोडणी) १६०० अँपिअरचा, बसबारही तेवढाच, आणि सोलरचा १००० अँपिअरचा फीडर (वीज आणणारी केबल-लाइन) कुठल्यातरी मोकळ्या कप्प्यात जोडला. आता बसच्या काही भागात ग्रिडचे १६०० आणि सोलरचे १००० एकत्र वाहू शकतात, पण इनकमरच्या ब्रेकरला त्याचे १६०० च दिसतात. तो पडणार (ट्रिप होणार) नाही, बसबार तापेल. फीडर कुठे जोडायचा हे रिकाम्या कप्प्यावरून ठरवू नका. आधी कोणत्या तुकड्यातून किती करंट जाईल हे कागदावर काढा.

मग पॉवर फॅक्टर, म्हणजे एकूण विजेपैकी खऱ्या कामाच्या विजेचं प्रमाण. लोड १००० किलोवॅट, पॉवर फॅक्टर ०.९५, म्हणजे सुमारे ३२९ केव्हीएआर (मोटारींसारख्या लोडला लागणारी, पण काम न करणारी वीज). सोलरने ७०० किलोवॅट दिले. ग्रिडकडून येतात ३०० किलोवॅट, पण केव्हीएआर तेच ३२९. मीटरवर पॉवर फॅक्टर ०.६७ दिसतो. मॉलमध्ये काहीच बिघडलेलं नाही, तरी जिथे कमी पॉवर फॅक्टरला दंड आहे तिथे तो लागतो आणि सोलरची बचत त्यात जाते. उपाय दोन. कपॅसिटर पॅनेलची (केव्हीएआर पुरवणाऱ्या पेटीची) सीटी (करंट मोजणारी कॉइल) सोलरच्या जोडणीच्या वर, ग्रिडच्या इनकमरवर आहे का ते बघा. पुष्कळदा ती खाली असते आणि पॅनेलला ही घसरण कळतच नाही. दुसरा, इन्व्हर्टरकडून केव्हीएआर घ्या. १०० केव्हीएचे ८ इन्व्हर्टर ७०० किलोवॅट देत असताना त्यांच्यात ३८७ केव्हीएआरची जागा उरते, गरजेपेक्षा जास्तच. म्हणून इन्व्हर्टर अगदी नेमके न घेता थोडे मोठे घ्यावेत.

जनरेटरचा मामला याहून नाजूक. ग्रिड गेली की इन्व्हर्टर थांबतात, तसं थांबलंच पाहिजे. पण काही सेकंदांत डीजी (डिझेल जनरेटर) सुरू होतो, इन्व्हर्टर त्यालाच ग्रिड समजतात आणि पुन्हा चालू होतात. समजा डीजी ८०० किलोवॅटचा, लोड ६०० आणि सोलर ५०० द्यायला तयार. डीजीवर उरतात १००. साधारण ३० टक्क्यांच्या, म्हणजे इथे २४० किलोवॅटच्या, खाली डीजी फार वेळ चालवला की न जळलेलं इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते. त्यात एखादा मोठा चिलर अचानक बंद पडला तर वीज उलटी डीजीत शिरते, रिव्हर्स पॉवर रिले पडतो आणि भर दुपारी सगळा मॉल अंधारात. कंट्रोलर लावून सोलरला इथे ३६० वर रोखायचं, म्हणजे डीजीवर २४० राहतात. डीजी क्वचितच चालत असेल तर त्याहून सोपं आणि स्वस्त: डीजीचा ब्रेकर लागला की सोलरचा फीडर उघडेल असा इंटरलॉक.

कंट्रोलर लावला तरी सीटीची दिशा तपासल्याशिवाय खोली सोडू नका. एक सीटी उलटी बसली की आयात-निर्यातीचा हिशोब चुकतो. इन्व्हर्टर विनाकारण शून्यावर जातात किंवा रोखायचं तेव्हा रोखत नाहीत. चाचणी सोपी आहे: सोलर बंद ठेवून तिन्ही फेजचे किलोवॅट अधिक दिसले पाहिजेत. शिवाय कंट्रोलरची आरएस-४८५ वायर (इन्व्हर्टरशी संपर्काची तार) काढून बघा. संपर्क तुटल्यावर इन्व्हर्टर ठरवलेल्या मर्यादेत खाली आले पाहिजेत. बऱ्याच ठिकाणी ते आहे तसे १०० टक्क्यांवर चालू राहतात, कारण ती सेटिंग कोणी केलेलीच नसते.

वीज सुरू करण्याआधी प्रत्येक स्ट्रिंगचं व्होल्टेज आणि ध्रुवता, १००० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या उपकरणाने) इन्सुलेशन (किमान १ मेगओहम), अर्थिंगची सलगता तपासा. एक महिन्याने, ऊन ६०० वॅट प्रति चौरस मीटरच्या वर असताना, एसी टर्मिनलचे आणि कनेक्टरचे थर्मल फोटो घ्या. ॲल्युमिनियम केबलचे लग (टोकाचे जोड) पहिल्या काही आठवड्यांत सैल पडतात, ते तेव्हाच सापडतात.

आणि पहिल्या पावसानंतर इन्सुलेशनचा अलार्म येईल. सकाळी इन्व्हर्टर सुरूच होत नाही, ११ वाजता आपोआप होतो, म्हणून सगळे विसरून जातात. कुठलातरी कनेक्टर गच्चीवर पाण्यात पडलेला असतो किंवा केबल रेलच्या धारेवर सोललेली असते, आणि उन्हाने वाळली की दोष दिसेनासा होतो. मेगर घेऊन सकाळी ७ वाजता, सगळं ओलं असतानाच वर जायचं.