एमपीएच झालं, पण एका संमतीपत्राने पाच महिने खाल्ले

ॲडमिशन, फी, हॉस्टेल यावर काय लिहायचं, सगळ्यांचं होतं तसं माझंही झालं. बीएसडब्ल्यूनंतर, म्हणजे समाजकार्याच्या पदवीनंतर, सात वर्षं सोलापुरात वस्त्यांमध्ये काम केलं आणि तिशीत एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्सला गेले, आरोग्य शिक्षण हा विषय घेऊन. पहिले तीन सेमिस्टर कसे गेले आता आठवतही नाही. आठवतो तो प्रबंध, आणि त्यातही एथिक्स कमिटी. अजून नाव काढलं की डोकं उठतं.

माझा विषय होता विडी वळणाऱ्या बायकांना तंबाखूच्या धुळीबद्दल काय माहितीय, आणि माहीत असूनही तोंडाला फडकं का बांधत नाहीत. ओढत नसल्या तरी धूळ नाकातोंडात जातेच आणि निकोटिन कातडीतूनही शिरतं. मी अशोक चौकाजवळच वाढले, आजूबाजूला सगळी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाची घरं, मांडीवर सूप घेऊन ओट्यावर बसलेल्या बायका लहानपणापासून बघितल्यात, त्यामुळे वाटलं डेटा काय, पंधरा दिवसांत उरकेल.

ऑगस्टमध्ये अर्ज दिला. माणसांना प्रश्न विचारायचे तर आधी कमिटीची मंजुरी लागते आणि आमच्याकडची कमिटी बसायची दोन महिन्यांतून एकदा. पहिला शेरा आला: सहभागी तेलुगू भाषिक, मग संमतीपत्र (माहिती द्यायला तयार आहे असं त्या बाईने लिहून द्यायचा फॉर्म) फक्त मराठीत का? म्हटलं बरोबर आहे. तेलुगू भाषांतर करून घ्या, भाषांतरकाराचं सर्टिफिकेट जोडा, मग दुसऱ्या माणसाकडून ते उलट मराठीत आणून दोन्ही जुळतात का दाखवा. दुसरा माणूस म्हणजे ज्याने मूळ मराठी बघितलेलंच नाही असा. शोधा आता! पैसे गेले ते वेगळेच.

भाषांतर छान छापील आलं आणि मी ते हौसेने शेजारच्या अक्कांकडे घेऊन गेले. अक्कांनी कागद उलटा सुलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "हे कोण वाचणार गं?" अक्का तिसरीपर्यंत मराठी शाळेत. घरात तेलुगू, पण अक्षर येतं ते मराठीच, गल्लीतल्या बहुतेकींचं तसंच. मलाही तेलुगू कळतं पण वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या नातवाला मोबाईलवरून भाषांतरकाराशी बोलायला लावलं आणि फॉर्म ऐकला. मध्येच एक शब्द आला, स्वच्छंदंगा. तेलुगूत त्याचा अर्थ स्वेच्छेने. अक्का भडकल्या, "स्वच्छंदी म्हणते काय मला? चार पोरं वाढवली मी विड्या वळून!" मी हसून हसून बेजार, आणि आतून रडू यायला लागलं, कारण ऑक्टोबरची मीटिंग चार दिवसांवर होती.

दिला तसाच. परत आला. या वेळी कारण काय तर पानांच्या तळाला व्हर्जन नंबर आणि तारीख नाही. कारखान्यात छाट काढतात ना, एक विडी जरा सैल दिसली की बाजूला, तशी माझी फाईल बाजूला. रागाने मी त्या क्लार्कला नको ते बोलले. तसं करू नका, पुढचे सगळे कागद त्याच्याच हातून जातात.

मग गाईडना स्पष्ट सांगितलं की मॅडम, आरोग्य शिक्षणात पहिला धडा काय शिकवता, पोस्टर ज्याच्यासाठी आहे त्याला आधी दाखवून बघा. मग फॉर्मला तो नियम नाही का? मॅडम म्हणाल्या, हेच लिहून दे. तेव्हा नवीन फॉर्म केला, सोलापुरी बोलीतलं तेलुगू, देवनागरी अक्षरात, अक्कांच्या ओट्यावर चार जणींना ऐकवून तीन वेळा बदललेला. ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी तिऱ्हाईत साक्षीदारासमोर वाचून दाखवायचं आणि अंगठा घ्यायचा, ही सोय आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची देशातली मुख्य संस्था) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहेच, तेही जोडलं. डिसेंबरच्या मीटिंगमध्ये मला आत बोलावलं, एका सरांनी देवनागरीतलं तेलुगू मोठ्याने वाचून बघितलं आणि हसले. मंजुरीचं पत्र जानेवारीत आलं, मी गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, गर्दीत पाळण्याजवळ उभी होते, तिथेच मोबाईलवर वाचलं आणि नवऱ्याला म्हटलं आता भजी खाऊ.

मंजुरीआधी एकही फॉर्म भरून घेऊ नका हं, मोह होतो, माझ्या बॅचमधल्या एकीचा सगळा डेटा बाद झाला.

बाकी हेल्थ बिलीफ मॉडेल (लोक आरोग्याची काळजी का घेतात किंवा का घेत नाहीत, ते सांगणारा सिद्धांत) वगैरे परीक्षेला पाठ केलेलं. १९५० च्या दशकात अमेरिकेत टीबीचा एक्सरे फुकट असूनही लोक का येत नाहीत, या प्रश्नातून ते निघालं. अक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "फुकट असलं तरी दिवस जातो की, त्या दिवसाच्या हजार विड्या कोण वळणार?" हे वाक्य मी प्रबंधात जसंच्या तसं टाकलं, त्यांची परवानगी घेऊन. व्हायव्हाला परीक्षकांनी सगळ्यात जास्त त्यावरच विचारलं.

आणि हो, मायग्रेशन सर्टिफिकेट (विद्यापीठ बदलताना जुन्या विद्यापीठाकडून लागतं ते) ॲडमिशनच्या आधीच काढून ठेवा, मला त्यासाठी पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस पकडून परीक्षेच्या आठवड्यात पुण्याला जावं लागलं होतं. ते सुरुवातीलाच सांगायचं राहिलं.