ब्लेडला जाताय? मग तिथे मुक्काम करा

स्लोव्हेनियाची सहल आखणारे बहुतेक जण ब्लेड या तळ्याकाठच्या गावासाठी अर्धा-पाऊण दिवस ठेवतात. राजधानी ल्युब्लियानाहून सकाळी बस धरायची, सव्वा तासात तळ्याकाठी उतरायचं, बेट-किल्ला-केक उरकायचं आणि संध्याकाळच्या बसने परत. माझं कळकळीचं सांगणं आहे, असं करू नका. निदान दोन रात्री तिथे राहा. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी दहा-अकरा वाजल्यापासून काठावर जत्रा भरते. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहलीच्या बस गेल्यानंतर मात्र तेच तळं अगदी वेगळं दिसतं, आणि ते तिथे झोपणाऱ्यांनाच बघायला मिळतं.

तळं तसं आटोपशीर आहे. लांबी दोन किलोमीटरहून थोडी जास्त, सर्वांत खोल जागी ३० मीटर. काठाने पूर्ण फेरी साधारण ६ किलोमीटरची आणि जवळजवळ सपाट. सोबत आई होती, तिचे गुडघे कुरकुरतात, तरी बाकांवर टेकत टेकत तिने फेरी पूर्ण केली. गावातून निघताना तळं उजव्या हाताला ठेवा. म्हणजे आधी म्लिनो ही वस्ती लागते, मग एके काळी युगोस्लाव्हियाचे नेते मार्शल टिटो यांचं निवासस्थान असलेली 'व्हिला ब्लेड', पुढे पश्चिम टोकाला वेलिका झाका आणि शेवटी किल्ल्याच्या कड्याखालून परत गाव. पहिल्या टप्प्यात पाण्यापलीकडे किल्ला सतत समोर राहतो, आणि सकाळचं ऊन त्याच्यावर पडलेलं असतं.

पाणी इतकं नितळ कसं, हा प्रश्न पडतोच. या तळ्याला मोठी नदी येऊन मिळत नाही, त्यामुळे गाव वाढलं तसं पाण्यात शेवाळ माजायला लागलं. मग जवळच्या राडोव्हना नदीचं थंड पाणी तळ्यात वळवलं आणि तळाचं शिळं पाणी नळांनी बाहेर काढायची सोय केली. एका गावाने आपलं तळं असं हट्टाने जपलं, याचं मला फार कौतुक वाटतं. उन्हाळ्यात पाणी पोहण्याजोगं उबदार असतं. वेलिका झाकाला फुकट उतरता येतं. किल्ल्याखालच्या स्नानघाटाला तिकीट आहे, पण कपडे बदलायची नीट सोय आहे. गावाचं नाव झालं तेही या पाण्यामुळेच. आर्नोल्ड रिक्ली नावाच्या स्विस गृहस्थांनी १८५५ मध्ये इथे ऊन, हवा आणि पाण्याने उपचार करणारं केंद्र काढलं आणि युरोपभरचे श्रीमंत इथे अनवाणी चालायला येऊ लागले.

बेटावर जायला 'प्लेट्ना' घ्या. सपाट बुडाची, रंगीत छताची लाकडी होडी. नावाडी मागे उभा राहून दोन वल्ह्यांनी ती चालवतो. हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक घराण्यांकडे आहे. होडी भरली की निघते आणि बेटावर साधारण अर्धा तास थांबते. धक्क्यापासून चर्चपर्यंत ९९ पायऱ्या आहेत. लग्नानंतर नवऱ्याने नवरीला उचलून त्या चढायची इथली रीत आहे, आणि शनिवारी हा प्रकार बघायला मिळू शकतो. चर्चमध्ये १५३४ सालची घंटा आहे; दोर ओढून इच्छा मागायची. दोर चांगलाच जड आहे, सगळं अंग टाकून ओढावा लागतो, आणि घंटा वाजते ती बऱ्याच उशिराने. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांनी खालच्या पायवाटेने बेटाला फेरी मारावी. हातात जोर असेल तर तासाच्या भाड्याने स्वतःची होडी घ्या, म्हणजे घड्याळाकडे बघावं लागत नाही.

किल्ल्याचा पहिला उल्लेख १०११ सालचा. तळ्यापासून सुमारे १३० मीटर उंच कड्यावर तो उभा आहे. आतलं संग्रहालय ठीकठाक, तिकिटाचे पैसे वसूल होतात ते गच्चीवरच्या दृश्याने. पण माझं मत विचाराल तर त्याहून सरस दृश्य ओयस्त्रित्सा या ६११ मीटरच्या टेकडीवरून दिसतं, तेही फुकट. वाट झाकाच्या कॅम्पिंगच्या बाजूने चढते. चढ खडा आहे, पावसानंतर मुळं आणि दगड निसरडे होतात, तेव्हा चप्पल घालून जाऊ नका. पहाटे जा, माथ्यावरच्या बाकाशी पुढे फोटोसाठी रांग लागते.

केक म्हणजे 'क्रेमश्निता'. पार्क हॉटेलच्या बेकरीत १९५३ मध्ये इथलं हे रूप ठरलं: खाली-वर खुसखुशीत पापुद्रे, मध्ये कस्टर्ड आणि फेटलेली साय. बशी हलवली की वडी खरवसासारखी थरथरली पाहिजे. कस्टर्डमध्ये अंडं असतं, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. शाकाहारींसाठी चीज भरलेले श्त्रुक्ली (कणकेच्या गुंडाळ्या) आणि मशरूमचं सूप सगळीकडे मिळतं, पण सूप मांसाच्या पाण्यात केलंय का ते विचारून घ्या.

विंटगर घळीसाठी अर्धा दिवस हवाच. ब्लेडपासून साधारण ४ किलोमीटरवर तीच राडोव्हना नदी उभ्या कड्यांमधून १.६ किलोमीटर धावते आणि आपण कड्याला बसवलेल्या लाकडी पुलांवरून तिच्या अंगावरून चालतो. १८९३ पासून ही वाट लोकांसाठी खुली आहे. शेवटी शुम धबधबा, त्याआधी डोक्यावरून जाणारा रेल्वेचा दगडी पूल. हिवाळ्यात घळ बंद असते. आता वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं आणि वाट एकदिशा आहे, म्हणून परतीचं चालणं किंवा शटल बस आधीच ठरवा. सकाळची पहिली वेळ घ्या.

आणखी एक दिवस असेल तर बसने २६ किलोमीटरवरच्या बोहिन्यला जा. हे तळं ब्लेडपेक्षा बरंच मोठं आणि शांत, त्रिग्लाव्ह राष्ट्रीय उद्यानात. सावित्सा धबधबा किंवा व्होगल डोंगरावर जाणारी केबल कार यांतलं एकच निवडा, एका दिवसात दोन्हींची धावपळ होते. आभाळ मोकळं असेल तर व्होगल निवडा.

ब्लेडची रेल्वे स्टेशनं दोन आहेत. ल्युब्लियानाची गाडी लेस्त्से-ब्लेडला थांबते, ते तळ्यापासून ४ किलोमीटर दूर, पुढे बस घ्यावी लागते. 'ब्लेड येझेरो' हे दुसरं स्टेशन तळ्याच्या वरच्या अंगाला आहे, पण ते येसेनित्से-बोहिन्यच्या लाइनवर. सामान जास्त असेल तर सरळ बस बरी. देश शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे आणि चलन युरो. गाडी भाड्याने घेणार असाल तर महामार्गाचा ई-विन्येट (ऑनलाइन टोल-परवाना) भरलाय याची खात्री करून घ्या आणि पार्किंगची सोय असलेलं हॉटेलच निवडा. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, तेव्हा डोंगर आणि होडी दोन्ही सकाळीच उरका.