आमची वाटचाल : नकारासोबत कारणही

छोट्या व्यावसायिकांची किर्द-खतावणी, म्हणजे रोजच्या व्यवहारांची आणि खात्यांची पुस्तकं, लिहिणं आणि ती बँकेच्या उताऱ्याशी जुळवून ताळमेळ लावून देणं हे आमचं काम. माणूस घेताना आमची भिस्त अर्जावर किंवा गोड बोलण्यावर नसते, चाचणीवर असते. पूर्वी चाचणीत मागे पडलेल्यांना ‘या वेळी आपली निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ एवढं एकच वाक्य जायचं. दीड तास डोळे ताणून आकडे जुळवणाऱ्याला त्यातून काय कळणार? म्हणून प्रत्येकाला कारण लिहून द्यायचं ठरवलं. लिहायला बसल्यावर खरी अडचण दिसली. तपासणीच्या कागदावर ‘बरं आहे’, ‘सफाई कमी’ असे शेरे होते आणि त्यातून दोन ओळींचंही धड कारण निघत नव्हतं. नकार देताना कारण सुचत नसेल, तर निवडही अंदाजानेच झालेली असते. तेव्हा अभिप्राय सुधारण्याआधी चाचणीच नव्याने बेतावी लागली.

आता उमेदवाराला एका महिन्याची, 110 नोंदींची बँकेच्या व्यवहारांची किर्द देतो आणि सोबत त्याच महिन्याचा बँकेचा खातेउतारा. दोन्ही आम्हीच रचलेले. ग्राहकाचे खरे कागद चाचणीला वापरत नाही. ते गुप्त ठेवायचे असतात, शिवाय चाचणीच्या नावाखाली काम उरकून घेतल्यासारखं होतं. वेळ 90 मिनिटं. त्या वेळेचे पैसे निवड होवो न होवो, मिळतात, आणि अभिप्राय जाण्याआधी मिळतात. आधी नकार आणि मागून पैसे असं झालं, की अभिप्राय कितीही नेटका असला तरी वाचणाऱ्याचं लक्ष पैशांकडेच राहतं.

किर्दीत सहा चुका पेरलेल्या असतात : दोन ठिकाणी आकड्यांची अदलाबदल, एक दुबार नोंद, जमेची (आलेली) एक रक्कम नावे (गेलेली म्हणून) पडलेली, एका रकमेतलं शून्य गळालेलं आणि बँकेने कापलेलं शुल्क नोंदवायचं राहिलेलं. सातवी जागा चुकीची नाही, सापळ्याची आहे. एक धनादेश दिलेला आहे, पण महिनाअखेरपर्यंत वटलेला नाही. तो ताळमेळ पत्रकात, म्हणजे किर्द आणि उतारा यांच्या शिलकीतला फरक मांडणाऱ्या कागदावर दाखवायचा, किर्दीला हात लावायचा नाही. हिशेबाची समज इथे उघडी पडते, कारण ‘दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत’ एवढंच डोक्यात असणारा ती नोंद खोडून मोकळा होतो.

गुण 20. चुका सापडण्याचे 6, त्या बरोबर दुरुस्त करण्याचे 6, न वटलेल्या धनादेशाचे 2, ताळमेळ पत्रकाच्या मांडणीचे 3 आणि ग्राहकाला विचारायच्या शंका नीट लिहिण्याचे 3. मुलाखतीला बोलवायची मर्यादा 14. गुण कापला, की शेजारी ओळ क्रमांक आणि कारण तिथल्या तिथे लिहायचं. नंतर आठवून लिहू म्हटलं, की पाचव्या कागदापर्यंत सगळं एकमेकांत मिसळतं. दोघे जण नाव झाकून वेगवेगळे तपासतात. दोघांच्या गुणांत 3 हून जास्त फरक पडला तर एकत्र बसून ओळीनिशी पाहतात. एवढं झालं, की अभिप्राय लिहायला पंधरा मिनिटं पुरतात.

तो साधारण असा जातो :

‘20 पैकी 11 गुण. मुलाखतीसाठी 14 लागतात, म्हणून या वेळी पुढे बोलावत नाही. ओळ 37 : किर्दीत 5,940 आहेत, उताऱ्यात 5,490. मधले 450 तुम्ही “किरकोळ फरक” अशी नवी नोंद घालून मिटवले. 450 ला 9 ने पूर्ण भाग जातो. असा फरक दिसला की आधी आकड्यांची अदलाबदल झाली आहे का ते पाहावं. ओळ 82 : हा धनादेश महिनाअखेर वटला नव्हता. तो किर्दीतून काढल्यामुळे पुस्तकातली शिल्लक चुकली. दुबार नोंद पकडलीत आणि ती कोणत्या पावतीची तेही लिहिलंत, त्याचे पूर्ण गुण दिले आहेत.’

बस. सुरुवातीला कौतुक, मध्ये टीका, शेवटी पुन्हा कौतुक असा मामला आम्ही करून पाहिला आणि सोडला. माणूस ते वाचून ‘थोडक्यात हुकलं’ असं समजतो, मग तो 6 गुणांवर असो की 13 वर. निर्णय आणि आकडा पहिल्या ओळीतच हवा. कौतुक करायचं ते खऱ्या गुणांचं, आणि त्यालाही जागा दाखवून. ‘तुम्ही घाई करता’, ‘लक्ष कमी पडतं’ ही वाक्यं बाद. एका कागदावरून स्वभाव कळत नाही, कागदावर काय आहे तेवढंच कळतं. ‘इतरांनी अधिक चांगलं केलं’ हेही नको. इतरांचा कागद त्याच्यापुढे नाही, तेव्हा ते वाक्य त्याच्या काही कामाचं नाही.

9 च्या युक्तीबद्दल एक खुलासा, कारण ती अर्धवट सांगितली तर नुकसानच होतं. गळालेल्या शून्यातही फरकाला 9 ने भाग जातो : 3,600 चे 360 झाले तर फरक 3,240. जमेची रक्कम नावे पडली तर फरक दुप्पट दिसतो, म्हणून त्याच्या निम्मी रक्कम शोधायची. पण सगळ्या चुका एकत्र मिसळल्या, की महिनाअखेरच्या एकूण फरकावरून यातलं काहीच चालत नाही. आठवड्या-आठवड्याची शिल्लक ताडून चुकीची जागा आवळत न्यावी लागते. ज्याने एकूण फरकावरच डोकं आपटलंय, त्याला आम्ही हे जरूर लिहितो.

चुका दोनच दाखवतो, गुण खाणाऱ्या. सगळ्या सातही जागा सांगितल्या तर यादी लांबते, मुख्य चूक बुडते आणि चाचणीचा संचही फुटतो. तरी दर भरतीनंतर आकडे आणि ओळी बदलतो. चुकांचे प्रकार तेच ठेवतो, नाहीतर जुन्या-नव्या गुणांचा मेळ बसत नाही.

अभिप्राय तपासणी संपल्यापासून कामाच्या पाच दिवसांत जातो, मुलाखती सुरू होण्याआधी. हा क्रम महत्त्वाचा. उमेदवाराला एकदा फेरतपासणी मागता येते, ती तिसरा माणूस करतो आणि गुण 14 वर गेले तर मुलाखतीची जागा अजून शिल्लक असते. जागा भरल्यावर ‘तुमचं म्हणणं बरोबर होतं’ असं कळवणं म्हणजे जखमेवर मीठ. फेरतपासणीनंतर मात्र वाद वाढवत नाही. कुणाला बोलायचंच असेल तर दहा मिनिटं फोन, तोही अभिप्राय हातात पडल्यावर. नुसतं फोनवर सांगितलं तर सांगणाऱ्याचा आवाज नरमतो आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात नरम शब्दच राहतात.

मुलाखतीनंतरच्या नकाराला हाच नियम : कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात काय कमी पडलं ते लिहायचं. ‘आमच्यात मिसळणार नाही’ हे कारण कागदावर चालत नाही. दुसऱ्या क्रमांकावरच्याला ताटकळत ठेवत नाही. पहिल्याला नोकरीचा देकार (प्रस्ताव) दिला आहे, उत्तर अमुक तारखेपर्यंत येईल, असं सरळ कळवतो.

चाचणीपर्यंत न आलेल्या अर्जांना एवढं लिहिणं शक्य नाही. कोणती अट बसली नाही, ती एका ओळीत.

सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येतो. तेव्हा जुना अभिप्राय काढतो, पण तपासणाऱ्याला नवे गुण लिहून झाल्यावरच देतो.