स्वयंपाकघरातला नळ, नोंद 3: दोन लाइनींचे पाणी बंद करणे

जुना पितळी नळ काढण्याचा पहिला प्रयत्न अर्धवट का सोडावा लागला, ते आधी सांगतो. त्या सकाळी नळाला थेंबभरही पाणी नव्हते आणि गच्चीवरच्या टाकीचा कॉक मी स्वतः बंद केला होता, त्यामुळे निर्धास्तपणे पाना लावला. नळ दोन आटे सैल झाला तोच भिंतीतून आधी हवेचा फुसफुसाट ऐकू आला आणि पाठोपाठ लालसर पाणी. गोव्यातल्या ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाकडून येणारे पाणी नेमके त्याच वेळी सुटले होते. बाकीचे आटे अजून धरून होते म्हणून नळ परत आवळता आला. एरवी ओट्याखालच्या प्यूरिफायरच्या सॉकेटपर्यंत पाणी पोहोचायला वेळ लागला नसता.

फोंडा भागातल्या आमच्यासारख्या कित्येक घरांत स्वयंपाकघराचा नळ पिण्याच्या पाण्यासाठी थेट सरकारी लाइनीवर असतो आणि न्हाणीघर, संडास टाकीवर. थेट लाइनीला पाणी ठरावीक वेळीच येत असल्यामुळे तिचा नळ कोरडा दिसला म्हणजे ती बंद आहे असे मुळीच नव्हे. मी चुकलो ते इथेच. त्यामुळे आता नियम असा केला आहे की पाणी चालू असतानाच कॉक बंद करायचा आणि वाहती धार आपल्या डोळ्यांसमोर थांबलेली पाहायची.

शनिवारी पाणी आल्यावर कामाला लागलो. मीटरनंतरचा, घराच्या बाजूचा गेट व्हॉल्व्ह (चाक फिरवले की आतला पडदा खाली-वर होणारा कॉक) बंद करायला घेतला. मीटरच्या रस्त्याकडच्या बाजूला आपण हात लावू नये. हा व्हॉल्व्ह बरीच वर्षे फिरवलेला नव्हता, आणि असे जुने चाक पान्याने जोर लावून फिरवले तर दांडा तुटतो आणि पडदा आत अर्धवट अडकून राहतो. म्हणून पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, असे दहा मिनिटे संयमाने करत तो बंद केला. दांड्याच्या मुळाशी पाणी पाझरू लागले, ते ग्लँड नट (दांड्याभोवतीची गळती रोखणारा नट) किंचित आवळल्यावर थांबले.

एवढे करूनही धार बारीक झाली, थांबली नाही. आई आतून म्हणाली, “अरे, वर काय बंद केलंस ते परत एकदा बघ.” वर टाकीचा कॉक बंदच होता, पण घरामागच्या भिंतीवर पाइपांचा माग काढत गेलो तेव्हा थेट लाइन आणि टाकीची लाइन जोडणारा एक बॉल व्हॉल्व्ह (दांडा पाव फेरा वळवून बंद होणारा कॉक) सापडला. पाणी न येण्याच्या दिवसांत स्वयंपाकघराला टाकीचे पाणी मिळावे म्हणून कोणीतरी तो बसवला असावा. त्याची जोडणी टाकीच्या कॉकच्याही वर, वेगळ्या फांदीवर होती. त्याचा दांडा पाइपाला आडवा केला आणि धार तुटली. उंचीचा हिशेबही लक्षात ठेवण्यासारखा आहे: 10 मीटरला साधारण 1 बार दाब, म्हणजे आमची टाकी ओट्यापासून 5 मीटर वर असल्याने अर्धा बार. आकडा लहान वाटला तरी अर्धा इंची उघड्या तोंडातून तेवढ्या दाबाने बादली पाहता पाहता भरते.

पाइपात उरलेले पाणी काढण्यासाठी परसातला सर्वांत खालचा नळ उघडला आणि हवा आत शिरावी म्हणून स्वयंपाकघरातलाही उघडा ठेवला. मग त्याच्या तोंडाखाली स्टीलचा पेला ठेवून पंधरा मिनिटे थांबलो. पहिल्या दोन मिनिटांत तोटीच्या कडेला थेंब फुगून सहा वेळा पडला, नंतर एकही नाही. पेल्याचा तळ पुसून पुन्हा ठेवला, तो कोरडाच राहिला. तेव्हाच पाना हातात घेतला. प्यूरिफायरचा प्लग आधीच काढला होता. ज्यांच्याकडे गरम-थंड मिक्सर आहे त्यांनी गीझरचा स्विचही पहिल्यांदा बंद करावा, कारण टाकी रिकामी झालेला गीझर चालू राहिला तर त्याचा एलिमेंट (पाणी तापवणारी तार) जळतो. शिवाय गरम बाजूनेही पाणी येऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

चिऱ्याच्या भिंतीत पुरलेला एल्बो (पाइपाचा काटकोनी सांधा) नळाबरोबर फिरू शकतो, म्हणून जोडनिप्पल (एल्बो आणि नळ यांमधला आटे असलेला छोटा तुकडा) दुसऱ्या पान्याने धरून ठेवले. नवा नळ आट्यांच्या दिशेने टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवला. या कामात विशेष काही नव्हते.

पाणी सोडताना मात्र घाई करू नये. नळाच्या तोंडाची जाळी काढून ठेवली, नळ उघडा ठेवला आणि व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. अडकलेली हवा गुरगुरत निघाली, मग गंजाचे तांबूस कण, मग स्वच्छ पाणी. जाळी लावून सांध्याभोवती कागदी रुमाल गुंडाळला; तो रविवारी सकाळी कोरडा होता.

तिन्ही कॉकना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बांधल्या आहेत: “थेट”, “टाकी”, “जोड”. मीटरजवळचा गेट व्हॉल्व्ह काढून तिथे बॉल व्हॉल्व्ह घालायचा आहे, त्यासाठी त्या बाजूचे पाणी खात्याकडून बंद करून घ्यावे लागेल. ती नोंद गणेशचवथीनंतर.